कार्बोरेटर उघडण्याआधी मूठ फिरवून पाहा

गाडी स्लोला (मूठ सोडल्यावर) चालू राहत नाही, चढाला ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय, सकाळी किका मारून पाय दुखतो. तक्रार कोणतीही असो, पहिला संशय हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरवर जातो आणि पहिला हात त्याच्या स्क्रूकडे. खरं म्हणजे कार्बोरेटरमध्ये झिजण्यासारखं फार थोडं असतं. तो खराब होण्यापेक्षा तुंबतो जास्त. आणि तुंबल्याने जितकं बिघडत नाही तितकं उगाच स्क्रू पिळल्याने, जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घातल्याने आणि रबरावर क्लीनर मारल्याने बिघडतं. म्हणून घरी हे काम शिकणाऱ्याने पाना उचलण्याआधी एक गोष्ट शिकावी: त्रास मूठ किती फिरवल्यावर होतो ते ओळखायचं. ते कळलं की कार्बोरेटरच्या कोणत्या भागात बघायचं हे जवळजवळ ठरतं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं. पण सोलापुरात आणि आसपासच्या गावांत त्याआधीच्या स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, प्लॅटिना आजही रोजच्या कामाला आहेत. पुढचं सगळं अशा १०० सीसीच्या आसपासच्या, साध्या स्लाइडच्या (मुठीच्या केबलने वर ओढल्या जाणाऱ्या झडपेच्या) कार्बोरेटरबद्दल आहे. पल्सरसारख्या गाड्यांत आणि जुन्या अ‍ॅक्टिव्हात व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर असतो. त्याचं तत्त्व तेच, पण आत रबराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, असतो. त्याला क्लीनर किंवा पेट्रोल लागलं तर तो फुगतो आणि कामातून जातो.

आत काय चालतं

पेट्रोल जळायला हवा लागते. शुद्ध पेट्रोलचा हिशेब वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असा. कार्बोरेटरचं काम एवढंच, की मूठ कितीही फिरवा, हे प्रमाण जवळपास राखायचं. त्यात ना पंप आहे, ना वीज. इंजिनचा पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. डासांचं औषध मारायच्या जुन्या हातपंपात नळीच्या तोंडावरून हवा गेली की डब्यातलं औषध वर येऊन उडतं, तसंच.

वाटीत पेट्रोलची पातळी कायम एकच राहावी लागते. ते काम फ्लोट करतो. पातळी चढली की फ्लोट वर येतो आणि एका छोट्या टोकदार निडलने पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडते. निडलच्या टोकाला बहुधा रबर असतं. त्या रबरावर कडं पडलं किंवा बसायच्या जागेत कचऱ्याचा कण अडकला की वाट बंद होत नाही आणि खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. हाच ओव्हरफ्लो.

आता मुठीकडे या. मूठ सोडलेली असताना आणि पहिला आठवा भाग फिरवेपर्यंत काम चालतं ते स्लो जेट आणि त्याच्या बाजूच्या मिक्स्चर स्क्रूवर. आठव्या भागापासून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या कापलेल्या कडेचा प्रभाव असतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लटकलेली लांब निमुळती सुई ठरवते किती पेट्रोल जायचं. पाऊण मुठीच्या पुढे राज्य मेन जेटचं. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पण निदानाला पुरेशा आहेत.

म्हणजे गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला बंद पडते पण पळताना एकदम ठणठणीत असेल, तर मेन जेट उघडायची गरजच नाही, स्लो जेट बघा. उलट, गावात छान चालते पण तुळजापूरच्या घाटात मूठ पूर्ण पिळल्यावर धाप लागल्यासारखी करते, तर मेन जेट, वाटीत कमी येणारं पेट्रोल किंवा तुंबलेला एअर फिल्टर. मधल्या वेगातच खाडखाड करत असेल तर सुईची उंची ठरवणारी क्लिप किंवा झिजलेली सुई. त्रास कोणत्याही मुठीवर सारखाच असेल तर तो बहुतेक कार्बोरेटरचा नसतोच. आधी ठिणगी देणारा प्लग पाहा.

मुठीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, समोर स्विचच्या घरावर दुसरा, आणि पेनने शून्य, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो मागे दुसऱ्याला बसवून खुणा त्याला बघायला सांगून, एक चक्कर मारा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नंतरची अर्धी मेहनत वाचते.

उघडण्याआधी चार गोष्टी

एअर फिल्टर. सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्ल्यांतून रोज जाणं-येणं असेल तर सुताचं तूसही फिल्टरवर बसतं. हवा कमी पडली की पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढतं, प्लग काजळतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि खापर कार्बोरेटरवर फुटतं. स्पंजचा फिल्टर असेल तर धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारून झटकू नका, त्यावरची तेलाची थर बिघडते. तो बदलायचाच.

टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला एक बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पाच-सात किलोमीटरनंतर गाडी बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडून पाहा. हिस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर दोष सापडला.

पेट्रोलचा प्रवाह. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची नळी काढा, काचेच्या बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. ऑनवर थेंब थेंब आणि रिझर्व्हवर धार, असं झालं आणि टाकीत पेट्रोल पुरेसं असेल तर बहुधा कॉकची जाळी तुंबली आहे.

प्लग. चांगल्या इंजिनाच्या प्लगचं टोक फिक्या विटकरी रंगाचं असतं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे हवा जास्त. गाडी स्लोला बराच वेळ उभी ठेवून मग प्लग पाहिला तर तो फसवतो. पाच-सहा किलोमीटर चालवून, इंजिन बंद करून, थंड झाल्यावर काढा.

आगीचं आधी

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाटीभर पेट्रोलची वाफ व्हायला वेळ लागत नाही. काम अंगणात करा, बोळात किंवा बंद खोलीत नको. पाणी तापवायचा बंब, देवघरातलं निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅस गिझर, यांपैकी काहीही जवळ पेटलेलं नको. इंजिन पूर्ण थंड हवं. शेजारी वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा बारीक भोकातून उलटा डोळ्यात येतो, म्हणून चष्मा घालायचाच. हे सांगणं कितीही जुनं वाटलं तरी ते गाळू नका.

काढणं आणि उघडणं

लागतं ते असं: १० नंबरचा पाना, चांगल्या टोकाचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, जेटच्या खाचेत घट्ट बसणारा चपटा स्क्रू ड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा एक कॅन, नायलॉनचा बारीक ब्रश, पांढरं कापड, कडेचं ताट. जपानी घडणीच्या या गाड्यांचे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने पटकन गोल होतात. टोक पूर्ण खोल बसवा, अंगाचं वजन देऊन दाबा आणि मग फिरवा. वाटीचा स्क्रू एकदा गोल झाला की अर्धा दिवस त्यातच जातो.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. कॉक बंद, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. ती बाटली फेकू नका, थोडा वेळ उभी ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर ते पाणी आहे, तांबडा गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. मग कार्बोरेटर कितीही साफ केला तरी काही दिवसांत तोच त्रास परत येणार.

वरची टोपी हाताने फिरवून सोडली की केबलसकट स्लाइड आणि सुई बाहेर येते. ती कापडात गुंडाळून बाजूला लटकवा, सुई वाकू देऊ नका. एअर फिल्टरकडचा क्लॅम्प ढिला करा, इंजिनकडचे दोन बोल्ट काढा, कार्बोरेटर हातात येतो. इंजिनकडच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. तिथे वॉशर पडला तर इंजिनचं हेड उघडायची वेळ येते. कार्बोरेटरला वायर जोडलेली असेल तर ती सेन्सरची आहे. नुसता कनेक्टर काढा, सेन्सरचे स्वतःचे स्क्रू हलवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची नोंद. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते कागदावर लिहा. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा दीड ते अडीचच्या आसपास येतो. टेकला की थांबा. पिळलात तर टोक त्याच्या बैठकीत रुतून बैठक खराब होते आणि मग स्लो कधीच नीट लागत नाही. स्क्रूबरोबर स्प्रिंग, छोटा वॉशर आणि ओ-रिंग येते. ओ-रिंग पुष्कळदा आतच चिकटून राहते, ती दिसली नाही म्हणून नव्हतीच असं समजू नका.

वाटी काढा. फ्लोटची आडवी पिन ज्या बाजूने सहज सरकते त्या बाजूने काढा. न सरकल्यास ठोकू नका, तिला धरणारे दोन खांब मोडले की कार्बोरेटर गेला. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटका आहे. निडलचं रबरी टोक नखाने चाचपा, कडं लागलं तर बदला.

मधे दोन पितळी जेट दिसतील. मोठा मेन, शेजारच्या खोलगट नळीतला बारीक तो स्लो. केहीन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्या. केहीनच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, ३८ म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. मिकुनीचे आकडे बहुधा प्रवाहावरून ठरतात, म्हणून एका कंपनीचा नंबर बघून दुसरीचा जेट आणू नका.

०.३८ मिलिमीटर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एवढ्या भोकात वाळलेल्या पेट्रोलचा पापुद्रा धरला तर गाडी स्लोला मरते. आणि त्यात पोलादी तार घालून भोक ०.४२ केलं तर क्षेत्रफळ वीस टक्क्यांहून जास्त वाढतं, गाडी कायम जादा पेट्रोल पिते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जेट क्लीनरमध्ये भिजवा, उजेडाकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे, एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली नको. तरी निघत नसेल तर नायलॉनचा केस किंवा विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एकच तार वापरा, तीही न घासता.

जेट साफ झाले की काम झालं असं नव्याला वाटतं. खरा तुंबा पुष्कळदा जेटच्या मागच्या वाटांमध्ये असतो. प्रत्येक भोकात क्लीनर मारा आणि ते कुठून बाहेर येतं ते शोधा. स्लो जेटच्या जागेत मारलं की इंजिनकडच्या तोंडाजवळच्या बारीक छिद्रांतून फवारा यायला हवा. आला नाही तर भिजवून ठेवा आणि पुन्हा मारा. मेन जेटच्या वरच्या नळीला आडवी भोकं असतात, तीही सगळी मोकळी हवीत. शेवटी हवा मारायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उत्तम. तिथे नेताना स्क्रू, जेट, निडल, रबरं सगळं घरीच ताटात ठेवा, हवेने उडालेला जेट सापडत नाही. सगळी रबरं काढल्याशिवाय क्लीनर मारायचा नाही. वाटीची ओ-रिंग फुगून खाचेत बसत नसेल तर काही तास हवेवर ठेवा, ती बरीच आकसते. नाहीच आकसली तर नवीन घ्या.

रिपेअर किटबद्दल एक मत. स्वस्त किटमधल्या जेटांच्या भोकांचा भरवसा नसतो. मूळ जेट नीट साफ झाले असतील तर तेच परत घाला आणि किटमधून फक्त रबरं आणि निडल घ्या, तीही कंपनीची मिळाली तर बरं.

परत बसवताना

निडल आणि फ्लोट बसवल्यावर, वाटी लावण्याआधी तपासा. पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकं फुंका. कार्बोरेटर सरळ धरला तर हवा जाईल, उलटा धरला तर फ्लोटच्या वजनाने वाट बंद होऊन हवा थांबली पाहिजे. थांबली नाही तर गाडीवर चढवू नका.

जेट पितळी, अंग मऊ धातूचं. टेकल्यावर जरासा ताण, बस. मिक्स्चर स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर.

स्लाइड घालताना घाई नको. तिच्या एका अंगाला उभी खाच असते, ती आतल्या छोट्या पिनवर बसते, आणि कापलेली कड एअर फिल्टरच्या बाजूला येते. उलटी घातली तर ती अडकते. टोपी लावल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, मूठ पूर्ण फिरवून सोडा. स्लाइड टकदिशी खाली आल्याचा आवाज यायला हवा. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही तेच करा. अडकलेल्या स्लाइडची गाडी सुरू केली तर ती रेसवरच राहते आणि रस्त्यात आवरत नाही.

इंजिनकडच्या जोडातली ओ-रिंग दबली असेल तर तिथून चोरटी हवा शिरते. स्लो वरखाली होत राहतो, मूठ सोडली तरी रेस उतरायला वेळ लागतो. चालू इंजिनवर त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच येते. हा तपास क्लीनरने करणारे आहेत. गरम इंजिनवर तो पेटू शकतो, करू नका.

सेटिंग

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करा, चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी खटकी) पूर्ण बंद. स्लोचा स्क्रू (स्लाइड किती खाली यायची ते ठरवणारा) थोडा वाढवून ठेवा. मग मिक्स्चर स्क्रू पाव पाव फेरी फिरवा आणि दर वेळी पाच-सात सेकंद थांबून ऐका. ज्या जागी इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं वाजतं ती जागा धरा, मग स्लोच्या स्क्रूने आवाज उतरवा. स्प्लेंडरला मिनिटाला साधारण १४०० फेरे हवेत. मूठ झटकन फिरवून पाहा. गाडी गुदमरली तर पाव फेरीचा फरक करून पुन्हा पाहा.

कोणत्या दिशेने पेट्रोल वाढतं हे स्क्रूच्या जागेवर आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे न बघता केलेल्या सेटिंगमुळे अ‍ॅव्हरेज वाढवायला गेलेला माणूस ते घालवून बसतो. आणि हा स्क्रू फक्त स्लोपुरता आहे, हायवेवरचं अ‍ॅव्हरेज त्याने फारसं बदलत नाही.

सेटिंग बरोबर लागलं का हे जाणून घ्यायचा एक चांगला मार्ग पीयूसीच्या चिठ्ठीत आहे. त्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा स्लोला मोजलेला असतो. आधीची चिठ्ठी आणि आताची शेजारी ठेवा. आकडा चढला असेल तर पेट्रोल जास्त जातंय.

इथेनॉल आणि उभी गाडी

आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने भरपूर, आणि उसापासून बनणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या कार्बोरेटरला त्याचे दोन परिणाम भोगावे लागतात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे अशा मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा भाग हवा पुरते. जेट जुनाच असल्याने गाडी थोडी हवेकडे झुकते: थंडीत सकाळी चोक जास्त वेळ लागतो, स्लो जरा कच्चा वाटतो. मिक्स्चर स्क्रूचा पाव-अर्धा फेरा पेट्रोलकडे दिला की बहुधा भागतं, त्यासाठी मेन जेट बदलायची घाई नको.

दुसरा परिणाम जास्त त्रासाचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेल्या गाडीच्या वाटीत तळाला पाणी साठतं, धातूवर पांढरी पूड धरते, जुनी नळी आणि ओ-रिंग कडक होऊन तडकतात. उन्हाळ्यात उलट होतं: वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट पिवळा पापुद्रा मागे राहतो, तोही नेमका स्लो जेटमध्ये. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत स्लोला चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूने उरलेले थेंब काढा. टाकी मात्र भरलेली असू द्या, रिकाम्या टाकीत ओलावा आणि गंज दोन्ही धरतात.

ओव्हरफ्लो झालेल्या गाडीचं इंजिन ऑइल न विसरता तपासा. ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर पेट्रोल इंजिनात उतरलं आहे. तसं ऑइल पातळ होऊन बेअरिंगना धरत नाही. कार्बोरेटर दुरुस्त झाला तरी ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, आणि रोज गाडी लावताना कॉक बंद करा.